आईच्या रिपोर्टमध्ये 'अँटी-जीपी२१० पॉझिटिव्ह' आलंय. म्हणजे नेमकं काय?

शेवंती_कोल्हापूर
आई ५६ वर्षांची. बरेच महिने तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्तच, पण अंगावर पुरळ काही नाही. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, साबण बदलून झाले. शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, तर अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृत-पित्तनलिकांच्या त्रासात वाढणारं एन्झाइम) ३८०, म्हणजे वाढलेलं. सोनोग्राफीत खडा नाही, पित्तनलिकाही फुगलेली नाही. एएमए (मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची अँटिबॉडी) निगेटिव्ह. एएनएमध्ये (पेशीकेंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी) 'न्यूक्लिअर एन्व्हलप, पंक्टेट' लिहिलंय आणि लिव्हर प्रोफाइलमध्ये जीपी२१० च्या पुढे तीन प्लस. पोटविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. नेटवर वाचलं की जीपी२१० हे पेशीकेंद्रकाच्या छिद्रातलं प्रथिन. मग आईच्या पेशींची छिद्रंच बिघडलीत का? आणि त्रास यकृतालाच का? आमच्यात कुणी दारूला शिवत नाही. मला किंवा मावशीला हे होईल का? जाणकारांनी कृपया सांगा, घरात सगळे घाबरलेत.

सूक्ष्मदर्शी
शेवंतीताई, मी इम्युनॉलॉजी लॅबमध्ये एएनएच्या स्लाइड वाचते. आधी महत्त्वाचं: एएमए निगेटिव्ह आलं म्हणून 'काही नाही' असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर घरी येऊ नका. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि जीपी२१० पॉझिटिव्ह, ही जोडी पीबीसीकडे, म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसकडे बोट दाखवते. हा यकृतातल्या बारीक पित्तनलिकांचा आजार. दारूशी त्याचा संबंध नाही, कॅन्सरही नाही. अँटी-जीपी२१० म्हणजे शरीराने स्वतःच्याच जीपी२१० प्रथिनाविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी. पीबीसीच्या साधारण चौथाई रुग्णांतच ही अँटिबॉडी सापडते, पण इतर आजारांत ती क्वचितच दिसते, म्हणून सापडली की तिला वजन असतं. अशा वेळी निदानासाठी बायोप्सी लागतेच असं नाही.

छिद्रं बिघडलेली नाहीत. केंद्रकाच्या आवरणाला काही हजार छिद्रं असतात आणि आतबाहेरची ये-जा त्यांतूनच होते. एकेक छिद्र तीसेक प्रकारच्या, एकूण हजाराच्या आसपास प्रथिनांचं बनलेलं. जीपी२१० त्यांतलं एक. १,८८७ अमिनो आम्लांची ही लांब साखळी आवरणातून आरपार जाते. तिचा बहुतेक भाग आवरणाच्या दोन पदरांमध्ये असतो आणि तिथे छिद्राभोवती कडं तयार होतं. जेमतेम ५८ अमिनो आम्लांचं शेपूट तेवढं बाहेर राहतं. अँटिबॉडी मुख्यतः धरते ती त्या शेपटातला पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा.

स्लाइडवर हे फार स्पष्ट दिसतं. अंधाऱ्या खोलीत हिरव्या प्रकाशात प्रत्येक केंद्रकाची कड बोरमाळेसारखी ठिपक्याठिपक्यांनी उजळते. दोन पेशी जिथे एकमेकींना टेकतात तिथे ती आणखी ठळक होते. विभाजन चालू असलेल्या पेशीत आवरणच विरघळलेलं असतं, त्यामुळे तिथला गुणसूत्रांचा पट्टा काळाच राहतो. कड सलग, गुळगुळीत दिसली तर तो वेगळा पॅटर्न, लॅमिनचा, म्हणजे आवरणाच्या आतल्या अस्तरातल्या प्रथिनांचा. तुमच्या रिपोर्टमध्ये 'पंक्टेट' लिहिलंय आणि जीपी२१० ही वेगळ्या चाचणीत आलंय. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

जीपी२१० हे प्रथिन १९८२ मध्ये लॅरी गेरेस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृताच्या केंद्रकांतून ओळखलं. पीबीसीच्या रुग्णांच्या रक्तातली अँटिबॉडी ह्याच प्रथिनाला चिकटते, हे कूर्वालँ, ब्लोबेल वगैरे मंडळींनी १९९० मध्ये दाखवलं.

डोंगरवाट
सूक्ष्मदर्शी, जीपी२१० सगळ्याच पेशींत असतं ना? मग यकृतच का, हा शेवंतीताईंचा प्रश्न राहिला.

सूक्ष्मदर्शी
सगळ्यांत सारखं नसतं. साल्क इन्स्टिट्यूटमधल्या हेत्झर यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवलं, की स्नायू होण्याआधीच्या पेशींत ते नसतं. स्नायू घडू लागले की ते तयार होतं, आणि तयार होऊ दिलं नाही तर स्नायूच घडत नाहीत. पण पीबीसीबद्दल तुमची शंका रास्त आहे. एएमए ज्या प्रथिनाला धरतं तेही मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे अंगभर आहे, तरी मार बसतो तो पित्तनलिकांच्या अस्तरालाच. अँटिबॉडीला खूण समजा, नलिका तीच पोखरते असं धरू नका.

निवांत_बाग
मला पीबीसी आहे, ताई, म्हणून लिहिते. त्यावर उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (उर्सो) हे औषध वजनाप्रमाणे देतात, किलोमागे दिवसाला १३ ते १५ मिलिग्रॅम. आईचं वजन ताजं मोजून न्या. खाजेसाठी कोलेस्टिरामिनची पावडर दिली तर ती आणि उर्सो एकत्र घ्यायचं नाही, मध्ये चार तास जाऊ द्यायचे. मला हे खूप उशिरा कळलं, कुणी सांगितलंच नव्हतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही विचारून घ्या.

शेवंती_कोल्हापूर
खूप आधार वाटला. जीपी२१० दर तीन महिन्यांनी करत राहायचं का? चाचणी महाग आहे.

सूक्ष्मदर्शी
नको, त्यात पैसे घालू नका. उपचार लागू पडतोय का हे अल्कलाइन फॉस्फेटेज आणि बिलिरुबिनवरून बघतात. मात्र वर्षभरानंतरचा आढावा चुकवू नका. जीपी२१० असलेल्यांत आजार जास्त जोर धरू शकतो, हे जपानच्या अभ्यासांत दिसलंय. उर्सो पुरेसं पडलं नाही तर पुढची औषधं आहेत, ती वेळेवर सुरू व्हायला हवीत.

तुमच्याबद्दल आणि मावशीबद्दल: हा आजार आईकडून मुलीला सरळ येत नाही. जवळच्या नातेवाइकांत, त्यातही बायकांत, धोका थोडा जास्त असतो, इतकंच. मावशींना खाज किंवा सततचा थकवा असेल तर साधी लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं निघालं तरच एएमए आणि जीपी२१० कडे वळायचं.