प्रवाहाचा पंप : एक की दोन?
प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या २०० लिटरच्या टाकीत पाणी फिरवायला ताशी २,००० लिटरचा एक पंप पुरेल का, हा निपाणीकरांचा प्रश्न रास्त आहे. केवळ मऊ प्रवाळ असतील तर ताशी टाकीच्या दहापट प्रवाहावर भागते. परंतु अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना ताशी चाळीसपट प्रवाहही लागतो, आणि तो समोरासमोरच्या दोन पंपांतून आलटून पालटून सोडलेला बरा, कारण एकाच थेट झोताने प्रवाळाचे मांस सांगाड्यावरून सुटते, खडकांमागे मात्र घाण साचतच राहते. एका पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे किंचित तिरके ठेवावे, म्हणजे पाणी सतत हलून त्यात प्राणवायू मिसळतो. आपल्या बेळगाव भागात पावसाळ्यात (खानापूरकडे तर विचारूच नका) वीज जाते, तेव्हा दिव्यांची घाई नसते, पण प्रवाह थांबून चालत नाही; म्हणून निदान एक पंप बॅटरीवर चालणारा डीसी घ्यावा, दुसरा साधा असला तरी चालेल.