मदत हवी आहे : मित्रांसोबत पहिलीच रात्रीची चढाई, सूर्योदयाआधी माथा गाठण्यासाठी कधी निघावे?

नमस्कार,

आम्ही पाच मित्रमैत्रिणी पुढील महिन्यात रात्री डोंगर चढून माथ्यावरून सूर्योदय पाहण्याचा बेत आखत आहोत. दिवसाउजेडी चढण्याची आम्हा सर्वांना सवय आहे; अंधारात मात्र आमच्यापैकी कोणीही चढलेले नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे ६ किलोमीटर असून चढ ९०० मीटरचा आहे. वाट मळलेली आहे, आमच्यातील दोघांनी ती दिवसा पाहिलेली आहे. फक्त माथ्याच्या अलीकडे घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या दगडमातीच्या निसरड्या उताराचा, एक आडवा टप्पा लागतो. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी आहे.

निघण्याच्या वेळेवरून आमच्यात दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की रात्री दहालाच निघावे, सावकाश चढावे आणि उरलेली रात्र वर गप्पा मारत काढावी. इतरांना वाटते की पायथ्याशी झोप घेऊन तीन वाजता निघावे आणि कुठेही न थांबता वर पोहोचावे. त्यातच एका मैत्रिणीचा वेग इतरांपेक्षा कमी आहे आणि उतरताना तिचा गुडघा दुखतो, म्हणून तिने एका सोबत्यासह तासभर आधी निघावे अशीही सूचना आली आहे, जी मला व्यक्तिशः पटलेली नाही. तंबू न नेण्याचा निर्णय पक्का आहे, तेव्हा कृपया त्यावर चर्चा नको. वेळ, गटाचा वेग आणि कपडे या तीन बाबींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

वेळेचा हिशेब नेहमी सूर्योदयापासून मागे करावा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावल्यास १ तास १२ मिनिटे अधिक दीड तास, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास वेळ येतो. परंतु यात विश्रांती धरलेली नाही, अंधार धरलेला नाही आणि नवखेपणही धरलेले नाही, म्हणून मी त्याची दीडपट करून सव्वाचार तास धरीन. सूर्य क्षितिजाखाली सुमारे सहा अंशांवर आला की विजेरीशिवाय वाट दिसू लागते. विषुववृत्ताजवळ ही वेळ सूर्योदयाआधी वीसेक मिनिटांची असते, तेथून दूर गेल्यास ती वाढते. आकाशातले खरे रंग तर त्याच्याही आधी सुरू होतात. तेव्हा पावणेसहाला माथ्यावर असावे आणि त्यासाठी दीडला पायथा सोडावा.

दहाला निघण्याचा विचार सोडून द्यावा, कारण या चढाईत खरा त्रास चालण्याचा नसून वर थांबण्याचा आहे. उंचीगणिक हवेचे तापमान सरासरीने दर १००० मीटरला ६.५ अंश सेल्सियसने उतरते, म्हणजे तुमच्या माथ्यावर ते पायथ्यापेक्षा सहाएक अंशांनी कमी असू शकते. (निरभ्र, निवांत रात्री थंड हवा दरीत साचून नेमके उलटेही घडते, पण त्या भरवशावर राहू नये.) त्यात वारा असतो आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्याच सुमारास असते. चढताना घामाने भिजलेला सुती सदरा अंगाला चिकटून राहतो, तो लवकर वाळत नाही आणि दहा मिनिटांत दात वाजू लागतात. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत, सुती टाळावेत, माथ्यावर पोहोचताच आतला कपडा बदलावा आणि उबदार जाकीट, कानटोपी व वारा अडवणारा थर लगेच चढवावा. थंडी वाजू लागण्याची वाट पाहू नये.

गट फोडू नका, हे तुमचे मत अगदी योग्य आहे. ज्यांचा वेग सर्वांत कमी आहे त्यांना पुढून दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, वाट पाहिलेला एक जण पुढे आणि दुसरा सर्वांच्या मागे असावा. मागे पडलेल्या माणसाला खरी विश्रांती कधीच मिळत नाही, कारण तो पोहोचेपर्यंत इतर मंडळी उठून उभी राहिलेली असतात.

प्रतिसाद २

वरील हिशेब मला मान्य आहे. माझी भर विजेरी आणि चंद्रासंबंधी आहे. प्रत्येकाकडे स्वतःचा हेडलॅम्प असावा, मोबाइलच्या उजेडावर कोणीही विसंबू नये आणि थंडीत बॅटरी लवकर उतरत असल्यामुळे जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि कोणी तोंडावर झोत मारला की ती सारी मेहनत वाया जाते. धुके आल्यास कपाळावरचा दिवा समोर पांढरी भिंत उभी करतो; अशा वेळी तो हातात घेऊन कमरेच्या खाली धरावा. पौर्णिमेच्या आसपासची किंवा त्यानंतरच्या आठवड्यातली रात्र निवडावी, कारण शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि दीडला निघणाऱ्यांना त्याचा काहीच उपयोग नसतो.

आणखी एक बाब तपासावी. माथ्याच्या पूर्वेला तीन अंश उंचीची दुसरी रांग असेल तर सूर्य किमान बारा मिनिटे उशिरा दिसेल. सूर्य नेमका पूर्वेला केवळ मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये तो उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे सरकलेला असतो, तेव्हा नकाशावर दिशा पाहून बसण्याची जागा आधीच ठरवावी. प्रत्येकाकडे शिट्टी असू द्यावी : मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट शांतता, हा डोंगरातला संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दीडची वेळ सर्वांनी मान्य केली आहे, तीनचा आग्रह धरणाऱ्यांनीसुद्धा. एक शंका उरते : उशीर झाला आणि घसाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत फटफटू लागले, तर वेग वाढवावा का?

प्रतिसाद १

अजिबात नाही. घसाऱ्याच्या अलीकडे, जिथून पूर्वेकडची बाजू मोकळी दिसते अशी जागा वाट पाहिलेल्या दोघांना विचारून आताच हेरून ठेवावी आणि साडेपाचपर्यंत तो टप्पा ओलांडून झाला नसेल तर सूर्योदय तिथूनच पाहायचा, असे निघण्यापूर्वीच सर्वांकडून कबूल करून घ्यावे. ऐन वेळी हा वाद घालण्याइतके भान कोणालाही राहत नाही. दिवस उजाडल्यावर माथा आरामात गाठता येईल. गुडघेदुखी असलेल्या मैत्रिणीला उतरण्यासाठी दोन काठ्या द्याव्यात आणि तिच्या सॅकमधील वजन वरूनच वाटून घ्यावे. शिवाय गाडी चालवणारा रात्रभर जागलेला असणार, तेव्हा खाली उतरल्यावर त्याची पुरेशी झोप होईपर्यंत परतीचा प्रवास सुरू करू नये.