ईस्टरच्या सुट्टीत न्हा ट्रांग: कुणाला अनुभव?

प्रेषक: अ. (तुंग चुंग)

नमस्कार हाँगकाँगकर मंडळी,

हळदीकुंकवाच्या दिवशी तिळाच्या वड्या थापता थापता हा विषय निघाला होता, तो सगळ्यांसमोर मांडते. एप्रिलमध्ये सासू-सासरे सांगलीहून येताहेत. ईस्टरच्या सुट्टीत त्यांना आणि मुलांना (वय ६ आणि १०) घेऊन व्हिएतनामला जायचं मनात आहे. समुद्र हवा, हॉटेलातून चालत पाण्यापर्यंत जाता यावं आणि सुट्टीभर कुणी कुणाला "आवरा लवकर" म्हणू नये, एवढीच अपेक्षा. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. नवरा न्हा ट्रांग म्हणतोय, त्याच्या ऑफिसातले सगळे दा नांग म्हणतात. चिनी नववर्षाच्या सुट्टीत गेलो तर जास्त दिवस मिळतील का, असाही एक विचार आहे, पण मग सासू-सासरे नसतील.

सुचवा प्लीज.
अ.

---

प्रेषक: नी. (हंग होम)

ताई, व्हिएतनामला जाऊन नुसतं बसायचं? तिकिटाचे पैसे तरी वसूल करा! सोबत एक्सेल जोडलंय. थोडक्यात असं: उतरल्या उतरल्या थाप बा मंदिर, संध्याकाळी केबल कारने होन त्रे बेट. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने दालात (घाट आहे, साडेतीन-चार तास धरा), तिथे धबधबा आणि फुलांची बाग. मग विमानाने दा नांग, बा ना हिल्सवर दगडी दिसणाऱ्या दोन हातांनी तोललेला सोनेरी पूल, रात्री होई आनचे कंदील. शनिवार साधला तर रात्री ९ वाजता ड्रॅगन पुलाच्या तोंडातून आग निघते तीही बघून होईल.

आजी-आजोबांना विमानतळावर व्हीलचेअर मिळते, काळजी नको.

नी.

---

प्रेषक: सचिव

सर्वांना नम्र विनंती, एक्सेल फाइली पूर्ण लिस्टला पाठवू नयेत. तीन जणांच्या मेलबॉक्स भरल्याच्या तक्रारी आल्या आहेत. लेझीमची तालीम रविवारीच आहे.

---

प्रेषक: द. (साई वान हो)

अ., तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. नी.च्या एक्सेलचं काय करायचं ते सचिवांनी सांगितलंच आहे.

आधी तारखांचं. चिनी नववर्षात अजिबात जाऊ नकोस. तेव्हाच त्यांचा तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, असतो. निम्मी दुकानं आणि खानावळी बंद, आणि जी माणसं घरी नाहीत ती सगळी न्हा ट्रांगच्या किनाऱ्यावर. ईस्टर उत्तम. तिथला पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. ईशान्येकडून येणारे वारे समुद्रावरचं बाष्प घेऊन मागच्या डोंगरांवर आदळतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हा भर पावसाचा काळ, वादळंही तेव्हाच. २०१७ च्या नोव्हेंबरात दाम्रे वादळ याच भागावर येऊन आदळलं होतं. नंतर डिसेंबर-जानेवारीतही समुद्र खवळलेलाच असतो आणि लाल बावटे लागलेले असतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत मात्र कोरडं. दा नांगला एप्रिल चांगलाच असतो, पण तिथे गेलीस की होई आन ३० किलोमीटरवर, मी सनची जुनी देवळं तिथून पुढे तासाभरावर, घाट उत्तरेला, आणि कुणीतरी नक्की म्हणणार की इतक्या लांब आलोय तर बघून येऊ. न्हा ट्रांगला तो धोका कमी आहे.

आता मुख्य गोष्ट, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. न्हा ट्रांगची सुट्टी पहाटे पाचला असते.

आपण कोकण-गोव्याच्या समुद्राला सरावलेली माणसं. चारनंतर चहा घेऊन किनाऱ्यावर जायचं, सूर्य बुडेपर्यंत बसायचं. इथला किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य मागच्या डोंगरांआड जातो आणि सहाच्या सुमाराला अंधार. त्यात घड्याळ हाँगकाँगच्या एक तास मागे, त्यामुळे एप्रिलमध्ये साडेपाचच्या सुमाराला सूर्य वर येतो. आणि तेव्हा अख्खं गाव पाण्यात असतं! आजीबाई पूर्ण बाह्यांचे कपडे घालून गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. म्हातारे वाळूत हातपाय झाडत व्यायाम करतात. कुणी पायांवर वाळू ओढून घेऊन पडलेलं असतं, सांध्यांना बरं म्हणे (डॉक्टर म्हणून मी यावर काही बोलणार नाही). सात-साडेसातला सगळे गायब, मुलं शाळेला, माणसं कामाला. आठ वाजता हॉटेलातला पाहुणा नाश्ता करून टोपी-गॉगल लावून उतरतो तेव्हा किनारा रिकामा आणि ऊन कडक. तो दुपारभर भाजून घेतो आणि घरी जाऊन सांगतो की काही विशेष नाही बुवा.

तुझे सासू-सासरे सांगलीचे, म्हणजे तसेही पाचला उठणारच. त्यांना पहाटे खाली ने. नऊ ते साडेतीन पडदे ओढून झोपा, पत्ते खेळा, मुलांना हॉटेलच्या तळ्यात सोडा. चारनंतर परत किनारा. सहा किलोमीटरचा सरळ किनारा आहे, त्याला लागून त्रान फू रस्ता आणि मध्ये झाडांची बाग, बाकं आहेत. सासऱ्यांना गुडघ्यांसाठी तेवढंच हवं. हॉटेल रस्त्याच्या पलीकडेच असतं बहुतेक, रस्ता ओलांडताना मात्र न थांबता, न पळता, एका चालीने जायचं, स्कूटरवाले बाजूने जातात.

एक गंभीर सूचना. शहरासमोरच्या किनाऱ्यावर थोडंसं आत गेलं की पाणी एकदम खोल होतं. सहा वर्षांच्या मुलाला हाताच्या अंतरावर ठेव आणि जीवरक्षकांच्या बावट्यांमध्येच राहा.

द.काका

---

प्रेषक: मा. (मेइ फू)

अ., सासूबाईंच्या जेवणाचं मी सांगते, पुरुष मंडळींना यातलं कळत नाही.

तिथे "शाकाहारी" म्हटलं की भाजी आणून ठेवतात आणि त्यात नुओक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, असतंच. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, मासा नाही. म्हणून "तोय आन चाय" असं सांगायचं, म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाते. मग मासळीचं पाणी टळतं आणि सहसा अंडंही. ज्या पाटीवर "चाय" असेल तिथे निर्धास्त शिरायचं. ही दुकानं देवळांच्या आसपास असतात, आणि त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, बरीच माणसं शाकाहार पाळतात, तेव्हा तर नेहमीच्या खानावळीतही मिळतं. टोफू, मश्रूम, फणसाची भाजी, भात. फक्त सोयाबीनचं खोटं मटण दिसलं तर आधी सांगून ठेवा, माझ्या सासूबाई ताटावरून उठल्या होत्या. भारतीय उपाहारगृहंही आहेत किनाऱ्याजवळ, अगदीच वरण-भाताची आठवण झाली तर.

बाकीच्यांनी बान कान खायचं. तांदळाचं पीठ, मातीच्या छोट्या साच्यांत, कोळशावर. थेट आपले आप्पेच, फक्त वर अंडं, कोळंबी किंवा माकूळ फोडतात-टाकतात, आणि सोबत कच्च्या आंब्याचे तुकडे. रस्त्यावर बुटक्या स्टुलांवर बसून खायचं असतं. सासऱ्यांच्या गुडघ्यांना दोन स्टुलं एकावर एक मागून घ्या, हसत हसत देतात.

आणि पैसे देताना डोळे उघडे ठेवा. वीस हजार डोंगची आणि पाच लाख डोंगची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. आमच्या ह्यांनी शहाळेवाल्याला पाच लाखांची दिली, त्या बाईने हाक मारून परत केली. प्रत्येक वेळी अशी बाई भेटेल असं नाही.

मा.मावशी

---

प्रेषक: र. (डिस्कव्हरी बे)

काकांशी थोडा असहमत. मुलं लहान असतील तर शहरात राहूच नये. कॅम रानचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला ३०-३५ किलोमीटरवर आहे आणि त्याच्या जवळच बाय दाय नावाचा लांबलचक किनारा. रिसॉर्टं नवी, वाळू पांढरी, पाणी बरंच आतपर्यंत उथळ. विमानातून उतरल्यावर अर्ध्या तासात मुलं पाण्यात. आम्ही रिसॉर्टच्या बाहेर पाऊलसुद्धा ठेवलं नाही आणि मजेत होतो. होन त्रेवरचा वॉटर पार्कही मुलांना आवडेल, केबल कार समुद्रावरून तीन किलोमीटरहून जास्त जाते, तेवढ्यासाठी तरी जा. स्नॉर्केलिंगला होन मुन बेट.

र.

---

प्रेषक: नी. (हंग होम)

रिसॉर्टच्या बाहेर पाऊल नाही?? मग तुमच्या लांताऊ बेटावरच राहायचं की.

काका, बसायचं तर बसू, पण निदान एक जागा तरी सांगा बघण्यासारखी.

---

प्रेषक: द. (साई वान हो)

र., पाणी उथळ, हे खरं आणि लहान मुलांसाठी मोठा मुद्दा. पण बाय दायला संध्याकाळी रिसॉर्टच्या बुफेशिवाय फारसा पर्याय नाही, शहरात यायचं तर दर वेळी टॅक्सी, आणि सासूबाईंना रोज तीच ग्रिल्ड भाजी. मी दोन रात्री तिथे आणि उरलेल्या शहरात असं करीन. होन मुनचं प्रवाळ फार खराब झालं म्हणून २०२२ मध्ये तिथलं डायव्हिंग थांबवावं लागलं होतं, तेव्हा बोटवाल्याला पैसे देण्याआधी नक्की कुठे नेणार ते विचारा.

नी., एक नाही, दोन सांगतो. दोन्ही सकाळी नाश्त्याआधी-नंतर होतात.

थाप बा तू सांगितलंसच, पण उतरल्या उतरल्या दुपारच्या उन्हात नव्हे. काई नदीच्या तोंडाशी टेकाडावर चाम राजांनी, म्हणजे व्हिएतनामी लोकांच्या आधी इथे राज्य करणाऱ्यांनी, बांधलेले विटांचे मनोरे आहेत. ७७४ मध्ये समुद्रातून आलेल्या लुटारूंनी आधीचं देऊळ जाळलं आणि ७८४ मध्ये सत्यवर्मन राजाने ते पुन्हा उभं केलं. देवीचं नाव यान पो नगर, संस्कृत शिलालेखांत ती भगवती. चाम राज्य गेलं तरी देवी राहिली. आता व्हिएतनामी बाया तिला आपली म्हणून हळदीपिवळी वस्त्रं नेसवतात, उदबत्त्या लावतात. तिसऱ्या चांद्र महिन्यात, २० ते २३ तिथीला, तिची मोठी जत्रा भरते. पायऱ्या आहेत, सासऱ्यांनी ठरवावं. गाभाऱ्यात जायला अंग झाकलेलं हवं, झगे तिथे मिळतात.

दुसरी जागा माझ्या धंद्यातली. त्रान फू रस्त्यावरच पाश्चर इन्स्टिट्यूट आहे आणि तिच्यात अलेक्झांडर यर्सिनचं छोटं संग्रहालय. हा माणूस आपला शेजारी होता. १८९४ च्या प्लेगात तो हाँगकाँगला आला, सरकारी शवागारात त्याला थारा मिळेना, म्हणून केनेडी टाउनला इस्पितळाजवळ बांबू-गवताची झोपडी बांधली आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जंतू शोधला. मग १८९५ मध्ये न्हा ट्रांगला प्रयोगशाळा काढली, घोडे पाळले आणि त्यांच्या रक्तापासून प्लेगवरची लस, म्हणजे खरं तर सीरम, तयार केलं. चीनमधल्या अमॉयमध्ये त्याने २३ रोग्यांना दिलं, २१ वाचले. त्या भरवशावर मार्च १८९७ मध्ये तो ते घेऊन मुंबईत उतरला. तोच महिना, ज्यात पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. मुंबईत सीरमने दगा दिला, निम्म्याच्या आसपास रोगी गेले. तोवर ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनने आपली लस स्वतःला टोचून घेतली होती आणि तीच पुढे चालली. यर्सिन न्हा ट्रांगला परतला, तो जवळजवळ कायमचाच. रबराची झाडं लावली, क्विनाइनची लावली, दुर्बिणीतून तारे बघितले, कोळ्यांच्या पोरांना औषध दिलं. १९४३ मध्ये तिथेच वारला. कोळी त्याला "ओंग नाम" म्हणत, आजही त्याच्या समाधीवर उदबत्त्या असतात. संग्रहालयात त्याची दुर्बीण आणि उपकरणं आहेत. अर्ध्या तासाचं काम, दुपारी बंद असतं.

जगातल्या कुठल्याही गावात गेला असता तर मोठं इस्पितळ, मोठा पगार मिळाला असता. समुद्रासमोर घर हवं म्हणून हा माणूस तिथे राहिला. माझ्या मते तेवढी शिफारस पुरे.

अ., भारतीय पासपोर्टवर सगळ्यांना ई-व्हिसा लागेल. सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, एका प्रवेशाचे २५ डॉलर. नावाची फोड पासपोर्टवर आहे तशीच लिही, सासूबाईंच्या बाबतीत विशेषतः. आणि एप्रिलच्या अखेरीस जाऊ नकोस, ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या सुट्ट्या, हॉटेलांचे भाव चढतात.

द.काका

---

प्रेषक: अ. (तुंग चुंग)

काका, मावशी, र.दादा, खूप आभार. नी., तुझी फाइल जपून ठेवलीय, पुढच्या वेळी तूच ने आम्हाला.

न्हा ट्रांग नक्की केलं. आधी दोन रात्री बाय दाय, मग शहर. काल फोनवर सासऱ्यांना काकांची मेल वाचून दाखवली. दालात, ड्रॅगन, सोनेरी पूल, कशालाच काही बोलले नाहीत. यर्सिनचं ऐकल्यावर म्हणाले, आमच्या आजोबांचा जन्म प्लेगातला, गाव सोडून सगळे माळावर झोपड्या घालून राहिले होते तेव्हाचा. त्या माणसाचे घोडे कुठे होते ते बघायचंय म्हणतात. ते घोडे शहरातच होते की दुसरीकडे, काका? टॅक्सीने जाण्यासारखं आहे का?

---

प्रेषक: द. (साई वान हो)

सुओय दाऊला मळा होता, शहरापासून वीसेक किलोमीटर. समाधीही तिथेच, रस्त्यावरून थोडं आत चढून. बाय दायहून शहरात येताना वाट वाकडी करून जा, ॲपवरची गाडी थांबवून ठेवायला सांग, नाहीतर परत मिळणार नाही. सकाळी लवकर.