डॅन्यूबकाठच्या सायकल सफरीसाठी जीपीएस यंत्र आणि नकाशे कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार.

मी गोव्यातल्या फोंड्याचा. येत्या सप्टेंबरमध्ये पत्नी आणि मी डॅन्यूब नदीकाठच्या सायकलमार्गाने जर्मनीतल्या पासाऊहून निघून व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टपर्यंत जाणार आहोत. फ्रान्समधल्या नान्तपासून रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोवेलो 6 या लांबलचक मार्गाचा हा मधला भाग आहे. पासाऊ ते व्हिएन्ना हा सुमारे 320 किलोमीटरचा टप्पा पाट्यांच्या बाबतीत चोख मानला जातो. हंगेरीत शिरल्यावर मात्र वाट अधूनमधून मोटारींच्या रस्त्यावर येते आणि तिथल्या काही मुख्य रस्त्यांवर सायकलला मज्जाव आहे. मुक्काम आणि व्हिसा यांची चौकशी झाली आहे. अडले आहे ते वाट दाखवणाऱ्या यंत्रापाशी.

मार्गावर पाट्या असताना यंत्र हवेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. डॅन्यूबच्या बऱ्याच भागात दोन्ही काठांना सायकलवाट आहे, आणि मुक्कामाचे गाव पलीकडच्या काठावर असले तर नेमके कुठे ओलांडायचे हे आधी ठरवावे लागते. ऑस्ट्रियात श्लोगेनपाशी नदी जवळजवळ उलटी फिरते, तिथे डाव्या काठावरची वाट खंडित होते आणि पुढे जायला होडी घ्यावी लागते. या होड्या ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वेळीच चालतात. दिवाडी-चोडणच्या फेरीबोटींतून सायकल नेण्याची आम्हांला सवय आहे, त्यामुळे होडीची धास्ती नाही. धास्ती आहे ती संध्याकाळी यंत्राने आम्हांला बंद झालेल्या धक्क्यावर नेऊन उभे करण्याची.

फोनचा पर्याय मी आधी तपासून पाहिला. गूगल मॅप्सचा नकाशा उतरवून ठेवला तरी ऑफलाइन असताना त्यावर सायकलचा मार्ग मिळत नाही, म्हणून ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड ही दोन ॲप वापरली. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालतात, नेटवर्कची गरज ठेवत नाहीत, आणि चोर्ला घाटात फोनची रेंज पूर्ण गेलेली असतानाही त्यांनी जागा बरोबर दाखवली. अडचण पावसात आली. पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याकडे जाताना सर आली आणि पडद्यावर पडणाऱ्या थेंबांना फोनने बोटांचा स्पर्श समजून नकाशा लहानमोठा करायला सुरुवात केली. पुसावे तर पुसण्याच्या हालचालीने तो आणखी भलतीकडे सरके. एप्रिलच्या उन्हात त्याच फोनचा पडदा तापून इतका मंद होई की सावली शोधून थांबावे लागे. शिवाय तिकिटे, पैसे, घरच्यांशी बोलणे हे सारे ज्या फोनवर आहे, तोच दिवसभर हँडलवर उघडा ठेवणे मला पटत नाही.

म्हणून स्वतंत्र यंत्राकडे वळलो. माझ्या मनात सध्या दोन प्रकार आहेत. पहिला गार्मिनच्या ईट्रेक्स 32एक्सचा: बटणांवर चालणारा, 2.2 इंची लहान पडदा, दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे 25 तास चालणारा. सेल कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात, हा मला फार मोठा दिलासा वाटतो. दुसरा प्रकार खास सायकलच्या यंत्रांचा, म्हणजे गार्मिन एज एक्स्प्लोर 2 किंवा वाहू एलिमेंट रोम. एज एक्स्प्लोरचा पडदा 3 इंची आहे आणि चष्मा न लावता वाचता येतो, पण तो टचस्क्रीन आहे आणि बॅटरी आतच बसवलेली आहे. वाहूचे यंत्र बटणांवर चालते. ज्यांनी हातमोजे घालून, भर पावसात, वळणाच्या ऐन तोंडावर ही यंत्रे हाताळली आहेत त्यांचा अनुभव मला कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचा वाटेल.

नकाशांबाबत माझा गोंधळ अधिक आहे. आपल्याकडे विकत घेतलेल्या यंत्रात बहुधा आपल्याच भागाचे नकाशे असतात, तेव्हा युरोपचे वेगळे घालावे लागतील. 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवरून गार्मिनसाठी तयार केलेले ओपनफीट्समॅप, फ्रायत्साइटकार्टे, व्हेलोमॅप असे नकाशे मिळतात, हे मला ठाऊक आहे. फाइल मेमरी कार्डावरच्या गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि कार्डाच्या मांडणीमुळे एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी चालत नाही, इथपर्यंत समजले. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांचे नकाशे वेगवेगळ्या फाइलींत ठेवले, तर सीमा ओलांडणारा मार्ग यंत्र सलग आखते का, की सीमेपाशी थांबते? एकाच जोडलेल्या फाइलचा पर्याय कोणी वापरला आहे का?

त्याहून महत्त्वाचा प्रश्न ट्रॅक आणि रूट यांचा. जीपीएक्स फाइलमधला (जीपीएस यंत्रासाठी मार्ग साठवण्याची फाइल) ट्रॅक ही ठिपक्यांची तयार रेघ असते. यंत्र ती जशीच्या तशी दाखवते. रूटमध्ये मोजकेच बिंदू असतात आणि त्यांच्यामधली वाट यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि आपण दिलेल्या पसंतीवरून काढते. त्यामुळे घरी संगणकावर आखलेला रूट यंत्रात गेल्यावर दुसऱ्याच रस्त्याने जाऊ शकतो, आणि कच्चा रस्ता टाळण्याची पसंती चालू राहिली असेल तर नदीकाठची खडीची वाट सोडून तो आपल्याला ट्रकांच्या रस्त्यावरही नेईल. मला सध्या असे वाटते की युरोवेलोच्या संकेतस्थळावरचा ट्रॅक दिवसागणिक तुकडे करून घालावा, रेघेवरच चालावे, आणि यंत्राची स्वतःची आखणी फक्त मुक्कामाचे ठिकाण शोधण्यापुरती वापरावी. हा विचार बरोबर आहे का? ट्रॅकवरून भरकटलो तर ईट्रेक्ससारखे यंत्र सूचना देते का, की ते आपणच पाहत राहावे लागते?

उत्तर देताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात, ही विनंती. सायकली पासाऊला भाड्याने घेणार असल्याने डायनॅमोवर चार्जिंग गृहीत धरता येत नाही, आणि हँडलवरची पकड कुठल्याही जाडीला बसणारी व सहज निघणारी हवी. पॉवर बँक 20,000 एमएएचची आहे. ती 74 वॅट-तासांची म्हणजे विमानातल्या 100 च्या मर्यादेत बसते आणि हातातल्या सामानातच जाईल. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रे मात्र कृपया सुचवू नयेत. ती परवान्याशिवाय भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि परतताना दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरायचे असल्याने ती जोखीम मी घेणार नाही. साधे जीपीएस यंत्र सॅटेलाइटकडून फक्त संकेत घेते, सॅटेलाइटला काही पाठवत नाही.

ज्यांनी हंगेरीतला भाग, विशेषतः ग्यौर ते एस्टरगोम, स्वतः सायकलने केला आहे त्यांनी तिथे पाट्यांवर कितपत विसंबता येते हेही लिहावे. यंत्र पावसाळा संपण्यापूर्वी हातात आले तर इथल्याच पावसात, फोंडा-माशेल-दिवाडी अशा ओळखीच्या रस्त्यावर ट्रॅक घालून ते पारखता येईल, म्हणून जुलैअखेरपर्यंत खरेदी करण्याचा विचार आहे.