गर्व्हेस मार्कहॅम नक्की कशाचा लेखक होता?

धरमपेठ_वाचनवेडी:
नागपूर विद्यापीठातून एमए इंग्लिश करून राहिली आहे, सेमिनारसाठी शेक्सपियरच्या काळातला असा लेखक पाहिजे ज्याच्यावर वर्गात दुसरं कोणी बोलणार नाही. गर्व्हेस मार्कहॅम सापडला, 1637 मध्ये वारला, पण यादी पाहूनच डोकं गरगरलं. घोडे, कविता, नाटक, स्वयंपाक, शेती, मासेमारी, धनुष्यबाण... हा एकच माणूस आहे की एका नावाचे चार जण? आणि सुरुवात कुठून करू?

बर्डीचा_रद्दीवाला:
एकच आहे ताई. जमीनदार घरचा पण धाकटा मुलगा, म्हणजे वाट्याला इस्टेट नाही, काही दिवस सैन्यात होता आणि मग लेखणीवर पोट. 1593 मध्ये घोडेस्वारीवरचं पुस्तक, दोनच वर्षांनी सर रिचर्ड ग्रेनव्हिलच्या शेवटच्या समुद्री लढाईवर मोठ्ठी कविता, 1608 ला लुईस मेशिनसोबतचं ‘द डम्ब नाइट’ हे नाटक छापलं, 1634 ला धनुर्विद्या. खरी गंमत 1617 ची आहे, तोवर जनावरांच्या औषधोपचारावर याची इतकी पुस्तकं बाजारात झाली होती, त्यातला बराच मजकूर तोच तो, की लंडनच्या स्टेशनर्स कंपनीत, म्हणजे पुस्तक छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघटनेत, यानं लिहून दिलं की घोडा, बैल, गाय, मेंढी, डुक्कर, बकरी यांच्या रोगांवर यापुढे पुस्तक लिहिणार नाही. सेमिनार इथूनच सुरू कर, वर्ग जागा राहील.

पाटलाचं_पोरगं:
म्हणजे कॉपी-पेस्टवालाच ना भाऊ 😂 त्याच काळातला कवी-नाटककार बेन जॉन्सनही याला खऱ्या कवींत धरत नव्हता, हलका माणूस म्हणाला होता.

गुरांचा_डॉक्टर:
जॉन्सन कोणाला चांगलं म्हणायचा बे? 1610 चं ‘मास्टरपीस’ घ्या, घोड्यांच्या आजारांवरचं. उपचार आज कोणी करू नका, रक्त काढणं वगैरे भरपूर आहे, पण ते अठराव्या शतकातही छापत होते, काऊन? लोहार अन् सईस वाचतील असं लिहिलं म्हणून. आणि 1607 च्या ‘कॅव्हेलॅरिस’ मध्ये बँक्स नावाच्या खेळवाल्याच्या त्या काळी प्रसिद्ध नाचऱ्या, नाणी मोजणाऱ्या घोड्यासारखे खेळ कसे शिकवायचे ते आहे. लोक जादू समजत होते, हा म्हणतो घोडा मालकाचे डोळे अन् चेहरा पाहून राहतो. हे निरीक्षण पुस्तकातून उतरवलेलं वाटत नाही मला.

बर्डीचा_रद्दीवाला:
@पाटलाचं_पोरगं उतरवलं तेही लपवत नाही. 1615 चं ‘द इंग्लिश हाउसवाइफ’ एका काउंटेसकडच्या हस्तलिखितावरून घेतलं असं सांगून मोकळा होतो. त्यात औषधं, रांधणं, अर्क काढणं, लोकर, दूधदुभतं, बिअर, पाव, सगळं घर आहे. मला विचाराल तर याच्या कवितेपेक्षा हेच दहापट वाचनीय. पण ताई, मूळ छपाईच्या नादी लागू नको, स्पेलिंगमध्येच अडकशील, मायकेल बेस्ट यांची 1986 ची संपादित आवृत्ती बघ.

धरमपेठ_वाचनवेडी:
ठरलं मग, 1617 चं लिहून दिलेलं आणि हाउसवाइफ, दोनच गोष्टी. कविता सोडते. सरांनी विचारलं साहित्य कुठे आहे यात, तर?

गुरांचा_डॉक्टर:
त्यांना घोड्यावालं सांग 😄

पाटलाचं_पोरगं:
किंवा नाटकं. 1622 ला हेरोद राजावरचंही एक छापलंय, विल्यम सॅम्पसनसोबत. तेही जोडीनंच लिहिलेलं, बघ म्हटलं होतं ना.