आजची बोली रंगमंचावर सपाट का पडते? (एकांकिकेचे संवाद)

तालीम_कोथरूड
चाळीस मिनिटांची एकांकिका आहे. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमधले चौघं: पुण्याचा, लातूरचा, नागपूरचा आणि कोल्हापूरची एक मुलगी. भाषा मुद्दाम आपण रोज बोलतो तशीच ठेवलीये. वाचनाला हशे आले, पण उभ्या तालमीत संवाद पडतायत. हॉलच्या मागच्या टोकाला तर निम्मं कळतच नाही. सगळे म्हणतात 'आवाज वाढवा'. प्रयोग भरत नाट्य मंदिरात आहे, माइक वापरायचे नाहीत. शिवाय दोन प्रसंग व्हॉट्सॲपवरच घडतात. ते कसे दाखवावेत?

विंगेतून
आवाज वाढवलात तर फार तर ओरडल्यासारखं वाटेल. मराठीत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही मागे, आणि नटाचा श्वास संपतो तोही नेमका तिथेच. 'मी तिला काल रात्री घराबद्दल काही सांगितलं नाही.' यातला 'नाही' पडला की वाक्यच लंगडं. वाचनाला हे खटकत नाही, कारण सगळे चार फुटांवर बसलेले असतात आणि नटाची मान हललेली दिसते.

संहितेत प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा आणि एक अख्खी तालीम फक्त त्यासाठी ठेवा. शेवटचा शब्द पहिल्याइतकाच भरीव हवा, पट्टी चढवायची नाही. सुरुवातीला रेटून बोलल्यासारखं वाटेल, मग मुरतं. तरीही पडत असेल तर वाक्य फिरवा: 'सांगितलंच नाही मी तिला. काल रात्री.' भांडताना आपण असंच बोलतो. पण सगळीच वाक्यं फिरवू नका, लकब वाटायला लागते.

आणि हशाच्या लगेच पुढच्या वाक्यात कथेची माहिती ठेवू नका. ते वाक्य हशात बुडतं.

शब्दांची_छाननी
इंग्रजी शब्द सरसकट कापायची गरज नाही. 'ब्लॉक केलं', 'फॉरवर्ड कर' हे ठणठणीत ऐकू येतात, कारण नट त्यांवर जोर देतो. घोटाळा करतात ते 'बट', 'सो', 'लाइक', 'ॲक्च्युअली'. हे भरभर आणि बिनजोराचे येतात आणि पुढचा शब्द गिळतात. प्रत्येक पात्राला अशी एकच सवय द्या. पुण्याचा 'म्हणजे' म्हणत असेल तर दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही. डोळे मिटून वाचन ऐका. कोण बोलतंय ते कळलं पाहिजे.

लातूरकर म्हणजे 'आहे'चं 'हाय' नव्हे. 'काय करायलास' मराठवाड्यातलं, 'काय करून राहिला' नागपूरकडचं, आणि कोल्हापूरकडच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिघांना एकच 'ग्रामीण' बोली दिलीत तर त्या त्या गावचा प्रेक्षक पहिल्या मिनिटाला तुटतो. त्या भागातल्या माणसाकडून फक्त त्या पात्राचे संवाद मोठ्याने वाचून घ्या आणि हेल रेकॉर्ड करून नटाला द्या.

स्पॉट_आणि_सावली
व्हॉट्सॲपबद्दल. अख्खं चॅट पडद्यावर टाकू नका, प्रेक्षक वाचत बसतो आणि नट उघडा पडतो. एका वेळी आठ-दहा शब्द, आणि मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ. काळ्यावर पांढरी, जाड अक्षरं. ओळींमध्ये ऐसपैस जागा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. शेवटची रांग २० मीटरवर असेल तर अक्षर १५ सेंटिमीटरच्या खाली नको.

मजकूर फाइल म्हणून नेऊ नका. नाट्यगृहातल्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात; चित्र किंवा व्हिडिओ करूनच न्या. समोरचा प्रकाश जमिनीवरून उसळून पडदा धुऊन टाकतो, तेव्हा नटांना पडद्यापासून पुढे आणा आणि प्रकाश बाजूने घ्या. फोन छातीच्या उंचीवर धरायला लावा. मान खाली गेली की आवाजही खाली जातो.

पेठेतला_प्रेक्षक
थोडं आडवं बोलतो. समकालीन म्हणजे चॅटची भाषाच हा हट्ट कशाला? 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये याच भरतला पहिल्यांदा झालं, माणसांच्या भिंतीसह आणि गात-नाचत. 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेला भाऊरावच कीर्तन करतो. दोन्ही नाटकं त्यांच्या काळाबद्दल बोलली, पण भाषेचा साचा जुनाच घेऊन. तुमच्या दोनपैकी एका प्रसंगात ग्रुपवरचे मेसेज चौघं कोरससारखे म्हणून पाहा. पडदा, फॉन्ट, सगळी कटकट वाचेल.

शिव्या असतील तर एक लक्षात ठेवा: परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांचं सेन्सॉर बोर्ड) जाते ती लिहिलेली संहिता. तालमीतली भर आधी कागदावर घ्या.

तालीम_कोथरूड
कोरस करून बघतो. अजून एक: आईचा फोन येतो, आई दिसत नाही. तिथे नट घाई करतो.

विंगेतून
आईचेही संवाद लिहून काढा, पूर्ण. चार-पाच तालमी विंगेतून कुणीतरी ते म्हणावेत, मग मनातल्या मनात म्हणत फक्त ओठ हलवावेत, मग तेही बंद. नट आपोआप थांबायला लागतो. 'हो', 'बरं', 'हं' यांतला प्रत्येक हुंकार कुठल्या वाक्याला आहे ते संहितेत समासात लिहा. आणि आई काय म्हणाली ते नटाने परत उच्चारायचं नाही, 'काय? बाबा पडले?' छाप वाक्यं आधी कापा.