बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाआधी कोणता कोर्स करावा? (बजेट १००० रु.)

माणदेशी_बाबा: नमस्कार. मुलीला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणित चांगलं, प्रोग्रामिंग कधीच केलेलं नाही. पहिल्या सत्रात सी ही प्रोग्रामिंगची भाषा आहे. कॉलेज सुरू व्हायला महिना आहे, तेवढ्यात पाया होईल असा कोर्स सुचवा. १००० च्या वर जमणार नाही. पुतण्याचा जुना लॅपटॉप संध्याकाळी मिळतो.

कोथरूडकर९: सरळ क्लास लावा. मुलाला १८००० भरले, आज तो नोकरीला आहे. शिक्षणात हात आखडू नका.

पायथनवेडा: सी नको, आधी पायथन. पहिल्या वर्षी माझा एक सेमीकोलन राहिला आणि स्क्रीनभर एरर आले. रात्री दोनपर्यंत शोधत होतो, शेवटी रडलो. पोरांचं मन उडतं अशानं.

जुना_कोडर: परीक्षेत सी आहे, पायथन शिकून काय करणार? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आजही बहुतांश सीमध्येच आहे. पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) कळला की पुढचं सगळं सोपं.

रेवाताई: एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युझिंग पायथन' आहे, आयआयटी रोपरचा, १२ आठवड्यांचा. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. एक लक्षात ठेवा, कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं वेगळं. मी सगळ्या असाइनमेंट वेळेत दिल्या, फॉर्मची तारीख चुकली आणि हातात काहीच आलं नाही. अजून हळहळते.

पायथनवेडा: बघा, त्यांनीही पायथनच सांगितलं.

जुना_कोडर: महिन्यात १२ आठवडे कसे बसवणार? सीच करा.

लॅबवाले_काका: मी २६ वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये होतो. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' बघा, सी मराठीतूनही आहे आणि फुकट आहे. छोटे छोटे व्हिडिओ आहेत. दोन वाक्यं ऐकायची, व्हिडिओ थांबवायचा, तेवढंच स्वतः टाइप करून चालवायचं. नुसतं बघत बसलेली मुलं प्रॅक्टिकलला अडतात, हे मी दरवर्षी पाहिलंय.

कोथरूडकर९: जुन्या लॅपटॉपवर काही होत नाही. नवीन घ्या, ४५००० पर्यंत चांगला येतो.

लॅबवाले_काका: सी शिकायला जुना लॅपटॉप पुरतो हो. उगाच खर्चात पाडू नका त्यांना.

हर्ष_एफवाय: माणदेशी काका, मी आत्ताच पहिलं वर्ष संपवलं. हार्वर्डचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स बघा, फुकट आहे. आधी स्क्रॅच (चित्रातले ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा), मग सी, पुढे पायथन.

जुना_कोडर: मराठी माध्यमाच्या मुलीला हार्वर्ड? इंग्रजीचा वेग बघितलाय का?

रेवाताई: मलाही ते जड वाटतं. मराठीतूनच सुरुवात करू द्या.

माणदेशी_बाबा: सगळ्यांचे आभार. काकांचे व्हिडिओ लावून दिले होते, पण तिनं सीएस५० निवडलाय. पहिलं लेक्चर सबटायटल लावून तीनदा पाहिलं. त्यात सर टेलिफोन डिरेक्टरी मधोमध उघडतात, नाव ज्या अर्ध्यात नाही ते अर्धं टाकून देतात, मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. काल रात्री तिनं धाकट्याला शब्दकोशात 'पाऊस' तसाच शोधून दाखवला. किती वेळा अर्धं केलं ते तो बोटांवर मोजत होता. पुतण्याला सांगून लॅपटॉप रोज सहा ते नऊ ठरवलाय. हर्ष, अडलं तर तुला विचारलं तर चालेल का?

हर्ष_एफवाय: कधीही विचारा काका. आठवडा १ चा मारिओचा पिरॅमिड (प्रोग्राम लिहून स्क्रीनवर पिरॅमिड काढायचा प्रश्न) सगळ्यांनाच अडतो, तिला घाबरू नको म्हणावं.